९ डिसेंबरला ती १९४ नावं छापा

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिनाच्या निमित्ताने आपल्या अंकात चांगला मजकूर असतो. १९७१ साली त्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला, तो पराक्रम मी दरवर्षी नव्याने वाचतो आणि दरवर्षी ऊर भरून येतो. पण त्याच युद्धात, त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी ‘आयएनएस खुकरी’ ही आपली युद्धनौका १९४ जणांसह बुडाली, त्या गोष्टीसाठी अंकात कोपऱ्याएवढीही जागा नसते. म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात शाळेपासूनच्या मित्राबरोबर दीवला जाऊन आलो. तो नौदलात होता. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ या नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्रात शिकला आणि पुढची सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. सोमनाथ झालं, गीर झालं, परतायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, “किल्ला उद्या बघू. आधी खुकरीला जाऊ.”

समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या टेकाडावर ‘आयएनएस खुकरी’चं स्मारक आहे. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती, खाली कातळ आणि त्यापुढे नुसतं पाणी. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खाऱ्या वाऱ्याने काच धुरकट झालेली. मित्राने खिशातून रुमाल काढला आणि काही न बोलता काचेचा एक हातभर तुकडा पुसून काढला. मग वाकून त्याने धुरांड्याच्या खालची जागा दाखवली, पाण्याच्या रेषेच्याही खाली. “मी असतो तर इथं असतो. वर यायला पोलादी शिडी, डोक्यावर हॅच. दिवे गेले की चाचपडत शोधायची. आणि तेवढा वेळ कुठं होता?”

वेळ खरोखरच नव्हता. ८ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाने कराचीवर दुसरा हल्ला केला. इकडे दीवच्या परिसरात पाकिस्तानी पाणबुडी वावरते आहे, हे तिच्या संदेशलहरींवरून कळलं होतं. तिच्या शोधात ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ ही दोन जहाजं मुंबईहून निघाली. ‘खुकरी’ १९५८ साली नौदलात आलेली, सुमारे ९४ मीटर लांबीची ब्रिटिश बांधणीची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. समोरची ‘हंगोर’ मात्र त्या काळातली नवी, फ्रेंच बनावटीची पाणबुडी. पाण्याखालच्या हालचाली ध्वनिलहरींनी टिपणाऱ्या आपल्या ‘सोनार’ यंत्रणेला तिचा माग लागण्याआधी तिला आपली चाहूल लागत होती. शिकार करायला निघालेलं जहाजच तिच्या टप्प्यात आलं. ९ तारखेच्या रात्री तिने ‘किरपाण’वर सोडलेला पहिला टॉर्पेडो फुटलाच नाही. दुसरा ‘खुकरी’ला लागला आणि काही मिनिटांत जहाज तळाला गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६७ जण वाचले.

‘खुकरी’चे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, होईल तितक्यांना बाहेर काढलं आणि ते जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, २००० साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. तो मान त्यांचाच आहे. पण काचेसमोर उभं असताना मला सारखं वाटत होतं, की बाकीच्या १९३ जणांपैकी एकाचंही नाव मी सांगू शकत नाही. बॉयलरपाशी वॉचवर असलेला कोण, गॅलीत रात्रीच्या जेवणाची भांडी आवरणारा कोण, नुकतीच ड्युटी संपवून बंकवर आडवा झालेला कोण? माझ्या मित्राने आयुष्यभर केली तीच कामं करणारी ही माणसं. ती गेली तेव्हा मी आठवीत होतो. मुंबईत ब्लॅकआउट होता, आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवत होतो आणि ते आमच्याच बंदरातून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी नवी ‘खुकरी’ पाहिली. जुन्या जहाजाचं नाव पुढच्या जहाजाला द्यायची नौदलाची रीत आहे. ही ‘खुकरी’ आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली, १९८९ पासून बत्तीस वर्षं नौदलात राहिली आणि निवृत्तीनंतर दीवला संग्रहालय म्हणून ठेवली. तिथे आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने वडिलांना विचारलं, “बुडालेली बोट परत कशी आली?” वडील गोंधळले. माझा मित्र पुढे झाला आणि त्याने मोडक्यातोडक्या गुजरातीत त्याला समजावलं, की ही तिची धाकटी बहीण. मोठी अजून तिकडे, समुद्रातच आहे. मुलगा कठड्याशी जाऊन बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे. येत्या ९ डिसेंबरला आपल्या अंकात ही १९४ नावं छापा. सगळी, हुद्द्यासह, आणि मिळालं तर गावासह. छायाचित्र नसलं तरी चालेल, लेख नसला तरी चालेल. एका पानात बसतील. त्यांत आपल्या जिल्ह्यांतले, कोकणातले, घाटावरचे जे कोणी असतील त्यांच्या घरी आज भाऊ, पुतणे, मुलं असतील. त्यांना आपल्या माणसाचं नाव आपल्या भाषेच्या वर्तमानपत्रात दिसू दे. अशा घरांतल्या कोणी हे पत्र वाचलं, तर त्यांनी आपल्या माणसाविषयी चार ओळी आपल्याकडे जरूर लिहून पाठवाव्यात.

यादी नौदलाकडून रीतसर मागवावी लागेल. देवनागरीत नावं उतरवताना चुका होता कामा नयेत, त्या कामाला माणसं लागतील. मी आणि माझा मित्र दोघेही निवृत्त आहोत. आपण बोलवाल त्या दिवशी कार्यालयात येऊन बसू आणि एकेक नाव तपासून देऊ.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली