जाहिरातीतला आकडा छापता, तशी अटही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला आयसीएस परीक्षेवरचा, म्हणजे इंग्रज काळातल्या उच्च सनदी नोकरीच्या परीक्षेवरचा लेख वाचला. चिंतामणराव देशमुख १९१८ साली लंडनच्या परीक्षेत पहिले आले, सुभाषबाबूंनी १९२० मध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि पुढच्याच वर्षी राजीनामा दिला, हे पुन्हा वाचताना ऊर भरून आला. माणसं मोठीच होती. पण लेखात एक गोष्ट राहून गेली आणि मला ती गुणवत्ता यादीपेक्षा महत्त्वाची वाटते, म्हणून हे पत्र. या दोघांनाही परीक्षेसाठी बोटीने विलायत गाठावी लागली होती. ज्यांना ती गाठता आली नाही, त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्यांची परीक्षा हिंदुस्थानातही व्हावी, एवढ्याच मागणीसाठी आपल्या दोन-तीन पिढ्या झिजल्या.

कायद्याने दार बंद नव्हतं. १८३३ च्या सनदी कायद्यात लिहिलेलं होतं की धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांवरून कुणालाही सरकारी पद नाकारलं जाणार नाही. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात तेच आश्वासन पुन्हा दिलं गेलं. जे काही अडलं ते अटींमध्ये. परीक्षा फक्त लंडनला. प्रवासाचा आणि तिथल्या राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. समुद्र ओलांडला म्हणून घरी परतल्यावर प्रायश्चित्ताचा तगादा, तो वेगळाच. संस्कृत आणि अरबीला लॅटिन-ग्रीकपेक्षा कमी गुण. घोडेस्वारीचीही परीक्षा होती आणि तिच्यातच अरविंद घोष बाद झाले. आणि सगळ्यांत जाचक म्हणजे वयाची अट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कमाल वय २१ वरून १९ वर आणलं गेलं. आपल्या इथल्या मुलाने मॅट्रिक व्हायचं कधी, विलायतेला जायचं कधी आणि परक्या भाषेत तिथल्या मुलांच्या बरोबरीला यायचं कधी? पुढे वयोमर्यादा वाढली, पण तोवर कित्येक वर्षांची मुलं हातची गेली होती. व्हाइसरॉय लिटन यांनी तर एका गोपनीय टिपणात कबूलच केलं होतं की हिंदुस्थानी लोकांना सरळ मनाई करायची की त्यांना फसवायचं, यांतला कमी सरळ मार्ग आपण निवडला आहे.

दादाभाई नौरोजी पार्लमेंटात असताना, २ जून १८९३ रोजी, दोन्ही देशांत एकाच वेळी परीक्षा घ्याव्यात असा ठराव कॉमन्स सभेत ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. सरकारने तो प्रांतांकडे अभिप्रायासाठी पाठवला. एकट्या मद्रासने अनुकूल मत दिलं आणि ठराव बासनात गेला. मंजूर झालेली गोष्ट अभिप्रायासाठी फिरवून कशी मारायची, हे ज्याने सरकारी कचेरीत आयुष्य काढलं आहे त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग गोपाळ कृष्ण गोखले. १८९७ साली हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी परदेशी नोकरशाहीच्या खर्चाचा हिशेब तर मांडलाच, पण त्याहून मोठं नुकसान नैतिक आहे असं सांगितलं. या व्यवस्थेत आमची वाढ खुंटते, जन्मभर कमीपणाच्या हवेत राहावं लागतं आणि आमच्यातल्या सर्वांत उंच माणसालाही वाकावं लागतं, असं ते म्हणाले. तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आसपास होतं. पुढे १९१२ साली लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी नोकऱ्यांसाठी आयोग नेमला गेला. त्यात गोखले सभासद होते, महादेव भास्कर चौबळ होते आणि न्यायमूर्ती अब्दुर रहीम होते. गोखल्यांची प्रकृती ढासळत होती, मधुमेहाने शरीर पोखरलं होतं, तरी ते हे काम ओढत राहिले. १९ फेब्रुवारी १९१५ ला ते गेले. अहवाल प्रसिद्ध झाला १९१७ मध्ये. त्यात एकाच वेळी दोन्हीकडे परीक्षा घ्यायची मागणी फेटाळली होती. अब्दुर रहीम यांनी वेगळी भिन्नमतपत्रिका जोडली. पण महायुद्धाने सगळ्यांचीच गणितं बदलली होती. कारभारात हिंदुस्थानी लोकांना अधिक वाटा देणाऱ्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये अलाहाबादला या परीक्षेचे पेपर पहिल्यांदा हिंदुस्थानच्या भूमीवर वाटले गेले. गोखले असते तर तेव्हा पंचावन्न वर्षांचे असते.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत हा सगळा झगडा ‘१९२२ – भारतात आयसीएस परीक्षा’ अशा एका ओळीत मावतो. आमच्या भागातल्या अभ्यासिकेत मी अधूनमधून मुलांशी बोलायला जातो. ती ओळ त्यांना तोंडपाठ असते.

आता दुसरी बाजू. माझी सगळी नोकरी एका सरकारी खात्याच्या भांडार शाखेत गेली, त्यामुळे ही बाजू मला जवळची वाटते. ज्या १९२२ साली परीक्षा इथे आली, त्याच वर्षी सरकारी खरेदीही इथे आली. त्याआधी सरकारला आणि सरकारी रेल्वेला लागणारी कितीतरी यंत्रसामग्री आणि लोखंडी माल इथून मागणीपत्र पाठवून लंडनला, इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) भांडार विभागामार्फत घेतला जाई. निविदा तिथे निघत, तिथेच उघडत आणि पैसे पौंडात चुकते होत. इथे तयार झालेला माल इथेच घ्यायला नियमाची आडकाठी नव्हती. दर्जा आणि दर पटले की घ्या, असं नियमांत होतं. पण दर्जा तपासायला इथे पुरेशी माणसं नव्हती, प्रयोगशाळा नव्हत्या आणि अधिकाऱ्याला विलायतेला मागणीपत्र धाडणं सोयीचं होतं. जोखीम नाही, जाब नाही. सर थॉमस हॉलंड यांच्या औद्योगिक आयोगाने १९१८ च्या अहवालात यावर बोट ठेवलं. त्या आयोगात दोराबजी टाटा होते, पंडित मदनमोहन मालवीय होते. त्यांच्या शिफारशीवरून पुढे समिती बसली आणि १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट उभं राहिलं. इथेच निविदा, इथेच माल ताब्यात आणि रुपयांत पैसे, हा नियम लागू व्हायला मात्र १९३१ उजाडलं.

एका सरकारी कराराने काय होतं ते टाटांच्या पोलाद कारखान्यावरून कळतं. १९०७ साली कंपनी निघाली, तेव्हा रेल्वे बोर्डाने दहा वर्षं दरसाल २०,००० टन रूळ आयातीच्या भावाने घेण्याची हमी दिली होती. त्या भरवशावर साकचीच्या (आजच्या जमशेदपूरच्या) जंगलात भट्टी पेटली, १९१२ मध्ये पोलाद निघालं आणि महायुद्धात इथले रूळ मेसोपोटेमियात गेले. अशी हमी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनाच मिळाली. त्याच काळात आपल्याकडे तळेगावला लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना, किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी उभी राहत होती. या माणसांनी पदरमोड करून, स्वदेशीचं व्रत घेतलेल्या गिऱ्हाइकांच्या जोरावर धंदा टिकवला. सरकारी खरेदीचं टेबल सात हजार मैलांवर नसतं तर असे आणखी किती कारखाने उभे राहिले असते, हा प्रश्न मला आजही बेचैन करतो.

दार इथे आलं म्हणून ते सगळ्यांना उघडलं असंही झालं नाही. शाहू महाराजांनी हे आधीच ओळखलं होतं आणि २६ जुलै १९०२ च्या हुकमाने कोल्हापूर संस्थानातल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या होत्या. डॉ. आंबेडकरांनी १९४२ च्या अखेरीस व्हाइसरॉयना जे निवेदन दिलं ते आजच्या वाचकांनी मुळातून वाचावं. आयसीएसमध्ये अनुसूचित जातींचा अवघा एक अधिकारी आहे, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. आणि ते नोकऱ्यांपाशी थांबले नाहीत. सरकारी बांधकामांच्या कंत्राटांत आमच्या लोकांना वाटा का नाही, हेही त्यांनी त्याच निवेदनात विचारलं. पुढच्या वर्षी केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. नोकरी आणि कंत्राट ही दोन्ही एकाच तिजोरीची दारं आहेत, हे बाबासाहेबांइतकं स्पष्ट फार थोड्यांनी पाहिलं.

संपादक महोदय, हे सगळं आपल्याला लिहायचं कारण असं की अटींनी दार बंद करण्याची रीत इंग्रज जाताना सोबत घेऊन गेले नाहीत. माझ्या नोकरीतलं एक उदाहरण देतो. धरणाच्या दरवाजांचे सुटे भाग पुरवायची निविदा होती. एका तालुक्याच्या गावातला वर्कशॉपवाला नमुना घेऊन आला होता. आटे स्वच्छ कापलेले, माप अचूक, दर सर्वांत कमी. ठरल्या दिवशी तीन वाजता लाखेने बंद केलेले लिफाफे उघडले आणि त्याचा लिफाफा पहिल्याच छाननीत बाजूला ठेवावा लागला. मागच्या तीन वर्षांची उलाढाल अटीत बसत नव्हती. नमुना कुणी हातात घेऊनसुद्धा पाहिला नाही. तुलनात्मक तक्ता मीच तयार केला होता. त्यात त्याचा दर लिहायला रकानाच उरला नाही. ती उलाढालीची अट त्या कामाला कशासाठी हवी होती, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

अभ्यासिकेतली मुलं हेच दुसऱ्या टोकाने अनुभवतात. ‘इतक्या हजार पदांची भरती’ अशी बातमी पहिल्या पानावर येते आणि मुलं आनंदाने धावत येतात. मूळ जाहिरात उघडली की कळतं, पदं अकरा महिन्यांच्या करारावरची आहेत. किंवा वय ज्या तारखेला मोजायचं ती अशी धरली आहे की मध्यंतरी भरतीच न निघाल्यामुळे थांबलेली मुलं दोन-तीन महिन्यांच्या फरकाने बाद होतात. परीक्षा शुल्क, प्रत्येक पदाला वेगळा अर्ज, दोनशे किलोमीटरवरचं केंद्र. शेतमजुराच्या मुलीसाठी हा खर्च एका हंगामाच्या मजुरीला भिडतो. तिच्या दृष्टीने परीक्षेचं गाव अजून लांबच आहे.

माझी विनंती एवढीच. भरतीची बातमी देताना पदसंख्येखाली चार ओळी कायम द्या: नेमणूक कायम की करारावर, वय कोणत्या तारखेला मोजणार, शुल्क किती, केंद्रं कोणती. कोट्यवधींच्या कामाची बातमी देताना निविदा सूचना किती दिवस आधी निघाली, बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) किती, उलाढालीची अट काय, किती निविदा आल्या आणि किती छाननीत बाद झाल्या, हेही छापा. ही माहिती गोपनीय नसते. सूचनेत, शुद्धिपत्रकात, संकेतस्थळावर असते. फक्त ती शोधून वाचणारा लागतो. आपल्या वार्ताहरांना ही कागदपत्रं वाचायला मदत हवी असेल तर मी आठवड्यातून एक दुपार कार्यालयात येऊन बसायला तयार आहे. माझ्याबरोबर निवृत्त झालेले लेखा शाखेतले एक सहकारीही यायला राजी आहेत.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भांडारपाल, पुणे