नाराज चाहते नेमके काय म्हणत असतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबरीवर चित्रपट निघाला की त्या कादंबरीचे चाहते नाराज होतात, या नेहमीच्या प्रकाराविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. चित्रपट हे वेगळे माध्यम आहे आणि सहाशे पानांचे पुस्तक अडीच तासांत जसेच्या तसे मावणार नाही, एवढी साधी गोष्ट चाहत्यांच्या गळी उतरत नाही, असा लेखाचा एकूण सूर होता. हे विधान खोटे नाही. परंतु ज्यांना ते ऐकवले जाते त्यांपैकी बहुतेकांना ते आधीच ठाऊक असते. ‘पुस्तकासारखे नाही’ या एकाच वाक्याखाली निरनिराळ्या तक्रारी केल्या जातात आणि त्या सगळ्यांना एकाच मापाने मोजल्यामुळे त्यांतली खरी समीक्षा वाया जाते, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

पात्राच्या केसांचा रंग, एखाद्या महालाची रचना, आवडते पण दुय्यम पात्र गाळले जाणे, या तक्रारी सर्वांत जास्त ऐकू येतात आणि त्यांचे वजन सर्वांत कमी असते. हॅरी पॉटरच्या चित्रपटांत पीव्ह्ज हे खोडकर भूत कधीच दिसले नाही. पहिल्या चित्रपटासाठी रिक मेयल या अभिनेत्याला घेऊन त्याचे प्रसंग चित्रित झाले होते, ते संकलनात गेले. चाहत्यांना याची चुटपुट आजही आहे, पण पीव्ह्जवाचून कथेचे काही अडले नाही, हेही त्यांतले बरेच जण मान्य करतात.

दुसऱ्या प्रकारची तक्रार मात्र कथेच्या कार्यकारणाविषयी असते. २००४ साली आलेला अल्फॉन्सो क्वारॉन यांचा तिसरा हॅरी पॉटर चित्रपट अनेक समीक्षकांनी त्या मालिकेत सर्वांत वरचा ठरवला. दृश्यांची जाण आणि अभिनय या दोन्ही बाबतींत ते कौतुक योग्यच होते. तरीही पुस्तक वाचून आलेला मुलगा बाहेर पडताना विचारत होता की हॅरीच्या हाती आलेला जादूचा नकाशा कोणी तयार केला, हे चित्रपटात सांगितलेच नाही. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु नकाशा करणाऱ्या चौघांत हॅरीचे वडील होते आणि ते हरणाचे रूप घेऊ शकत, हे कळल्याशिवाय शेवटी तळ्याकाठी हॅरीच्या मंत्रातून हरीणच का प्रकटते याचा उलगडा होत नाही. पुस्तकात वडिलांची आठवणही नसलेल्या मुलाला त्या क्षणी वडील सापडतात. चित्रपटात एक सुंदर, प्रकाशमान प्राणी दिसतो. दोन-तीन संवादांत हे सांगता आले असते, म्हणजे येथे वेळेची सबबही पुढे करता येत नाही. माध्यम वेगळे आहे हे उत्तर या तक्रारीला लागूच पडत नाही.

अद्भुत कथेच्या बाबतीत ही गोष्ट अधिक बोचते, याला कारण आहे. वास्तववादी कादंबरीतून एखादा धागा गाळला तर प्रेक्षक तो आपल्या अनुभवाने भरून काढतो, कारण रुसणे, उपाशी राहणे, परीक्षेत नापास होणे यांचे परिणाम त्याला माहीत असतात. कल्पनेतल्या जगात मंत्राला काय साधते, काय साधत नाही आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे फक्त लेखकानेच सांगितलेले असते. तो नियम पडद्यावरून गेला की त्या जगात कशानेही काहीही होऊ शकते आणि मग संकटाची भीती उरत नाही. चाहता नियमांवर पहारा ठेवतो तो म्हणूनच. वाचनाची ही शिस्त त्याला त्या पुस्तकानेच लावलेली असते.

मिखाएल एंडे यांच्या १९७९ सालच्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या कादंबरीच्या उत्तरार्धात बास्टियन हा मुलगा कल्पनेच्या राज्यात पोहोचतो आणि त्याची प्रत्येक इच्छा पूर्ण होऊ लागते. मात्र प्रत्येक इच्छेबरोबर त्याच्या आपल्या जगाची एकेक आठवण पुसली जाते, इतकी की अखेर तो स्वतःचे नावही विसरतो. वोल्फगांग पेटरसन यांच्या १९८४ च्या चित्रपटाने पुस्तकाचा साधारण पूर्वार्धच घेतला आणि शेवटी बास्टियनला ड्रॅगनवर बसवून, त्याला छळणाऱ्या पोरांच्या मागे लावून दिले. इच्छा पूर्ण झाली आणि तिची काहीच किंमत पडली नाही! एंडे यांनी चित्रपटाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेथे ते हरले. सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून मात्र त्यांनी आपले नाव काढायला लावले. पुस्तक न वाचलेल्या एका अख्ख्या पिढीने या चित्रपटावर मनापासून प्रेम केले, हेही तितकेच खरे आहे आणि त्या प्रेमाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण लेखक आणि त्याचे वाचक चिडले ते पाने कमी झाली म्हणून नव्हे. पुस्तक जी गोष्ट करू नये म्हणून सांगत होते, तीच चित्रपटाने आनंदाचा शेवट म्हणून दाखवली होती.

फिलिप पुलमन यांच्या कादंबरीवरचा २००७ चा ‘द गोल्डन कंपास’ याच वाटेने गेला. नायिका लायरा आपल्या मित्राला घेऊन वडिलांपर्यंत पोहोचते आणि तिथे वडिलांच्याच हातून त्या मित्राचा बळी जातो, हा पुस्तकाचा शेवट चित्रित होऊनही वगळण्यात आला. चित्रपट आशेच्या सुरावर संपला, त्याचे पुढचे भाग निघालेच नाहीत, आणि तो शेवट पडद्यावर पाहायला वाचकांना २०१९ च्या दूरचित्रवाणी मालिकेची वाट पाहावी लागली.

चाहत्यांना फक्त शब्दशः नक्कल हवी असते, हा आपल्या लेखातला दुसरा आरोप. तो तर त्यांच्याच प्रतिक्रियांनी खोटा ठरतो. २०१० साली आलेल्या सातव्या हॅरी पॉटर चित्रपटाच्या सुरुवातीला हॅरीची मैत्रीण हर्मायनी आपल्या आई-वडिलांच्या पाठीमागे उभी राहून त्यांच्या स्मृतीतून स्वतःला पुसून टाकते आणि घरातल्या छायाचित्रांतून तिची आकृती विरत जाते. पुस्तकात हा प्रसंग घडताना दिसत नाही. हर्मायनी नंतर बोलण्याच्या ओघात तो सांगते. तरीही चाहत्यांनी हे दृश्य उचलून धरले. याउलट त्याच्या आदल्या, २००९ च्या चित्रपटात हॅरीच्या मित्राच्या, वीझली कुटुंबाचे घर जाळण्याचा एक नवा प्रसंग घातला गेला आणि त्यावर टीका झाली. भर दोन्ही ठिकाणी घातली होती. पहिली भर कथेने आधीच दिलेल्या माहितीतून निघाली होती. दुसरीचे पुढे काही झाले नाही, कारण पुढच्या चित्रपटात त्याच घरी लग्नाचा मांडव पडलेला दिसतो. शिवाय या आगीला वेळ मिळाला त्याच चित्रपटात खलनायकाच्या पूर्वायुष्याच्या बऱ्याच आठवणी कापल्या गेल्या होत्या आणि नायकाने पुढे कोणत्या वस्तू शोधायच्या याचा सुगावा नेमका त्या आठवणींत होता. हा हिशेब चाहत्यांनी मांडला, आणि तो चोख मांडला.

बदल मोठा असला म्हणजे विरोध होतोच, असेही नाही. डायना विन जोन्स यांच्या १९८६ सालच्या ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’वर हायाओ मियाझाकी यांनी २००४ मध्ये चित्रपट केला, तेव्हा पुस्तकात दूरवर असलेले युद्ध त्यांनी थेट मध्यभागी आणले आणि उत्तरार्ध जवळजवळ नव्याने रचला. लेखिकेने तो आनंदाने स्वीकारला. पुस्तकाच्या वाचकांत मतभेद झाले, पण चित्रपट ‘तुटला’ असे फारसे कोणी म्हटले नाही, कारण त्या नव्या रचनेला स्वतःचे नियम होते आणि ती ते शेवटपर्यंत पाळत होती.

बदलामागे कलेपेक्षा बाजाराची गणिते असली की चाहत्यांना त्याचा वास लवकर येतो. पर्सी जॅक्सनच्या पहिल्या पुस्तकातला नायक बारा वर्षांचा आहे आणि संपूर्ण मालिकेतील भविष्यवाणी तो सोळा वर्षांचा होण्यावर टांगलेली आहे. २०१० च्या चित्रपटात त्याला थेट किशोरवयीन, सोळाच्या घरातला दाखवले. प्रेक्षकवर्ग वाढावा हा हेतू उघड होता, पण त्यामुळे पुढच्या सगळ्या गोष्टीचा पायाच पहिल्या तासात निघाला. लेखक रिक रायर्डन यांनी चित्रपट तयार होण्याआधीच निर्मात्यांना पत्रे लिहून याच बदलाला आक्षेप घेतला होता. ती पत्रे त्यांनी २०१८ मध्ये स्वतः प्रसिद्ध केली. वाचणाऱ्या मुलांनी चित्रपटगृहातून बाहेर पडून जे म्हटले, तेच लेखकाने आधी लिहून ठेवले होते, ही जुळणी योगायोगाची नाही.

यापुढची हकीगत मात्र चाहत्यांच्या बाजूने बोलणाऱ्यालाही अडचणीत टाकणारी आहे. त्याच पुस्तकांवर लेखकाच्या सहभागाने नवी मालिका करण्याचे ठरले आणि २०२२ मध्ये नायकाची मैत्रीण ॲनाबेथ हिच्या भूमिकेसाठी एका कृष्णवर्णीय बालअभिनेत्रीची निवड जाहीर झाली. त्या मुलीवर जे लिहिले गेले ते कोणत्याही अर्थाने पुस्तकप्रेम नव्हते. पुस्तकात ॲनाबेथचे केस सोनेरी आहेत ही सबब पुढे केली गेली. पण तिची बुद्धी, तिचा अभिमान आणि आपल्या आईच्या नजरेत भरण्याची तिची धडपड यांतले काहीही केसांच्या रंगावर किंवा कातडीवर अवलंबून नाही. रायर्डन यांनी आपल्या नाराज वाचकांना स्पष्ट शब्दांत सुनावले, हे बरे झाले. कार्यकारणाविषयीची तक्रार आणि हा प्रकार यांना ‘चाहत्यांचा रोष’ अशा एकाच मथळ्याखाली छापले, की पहिल्या तक्रारीची बदनामी होते आणि दुसऱ्या प्रकाराला नको ती प्रतिष्ठा मिळते. आपल्या लेखात नेमके हेच झाले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

ही मालिका डिसेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा वाचकांनी आणखी एक मुद्दा काढला, जो मला फार मोलाचा वाटतो. पुस्तकात मुले मेड्युसाच्या, म्हणजे नजरेने माणसाचा दगड करणाऱ्या ग्रीक पुराणातल्या राक्षसीच्या, दुकानात भुकेल्या पोटी, काही न ओळखता शिरतात आणि वाचकाचा जीव टांगणीला लागतो. मालिकेत ती कोण आहे हे मुलांना जवळजवळ लगेच कळते. पात्रांची वये योग्य, घटनांचा क्रम बराचसा पुस्तकाबरहुकूम, खुद्द लेखक निर्मितीत, आणि तरीही काही वाचक म्हणाले की सापळा आधीच ओळखला तर त्यात अडकण्याची मजा कुठे राहिली. म्हणजे लेखकाच्या संमतीचा शिक्का बसला की चाहते गप्प बसतात, हीसुद्धा समजूतच ठरली. काही समीक्षकांपेक्षा या वाचकांनी उत्कंठेच्या रचनेकडे अधिक बारकाईने पाहिले, असे माझे मत आहे.

निष्ठा ही आता जाहिरातीतली वस्तू झाली आहे, याचीही नोंद घ्यावी. एप्रिल २०२३ मध्ये हॅरी पॉटरच्या नव्या मालिकेची घोषणा झाली, तेव्हा ती मूळ पुस्तकांशी प्रामाणिक राहील यावरच भर देण्यात आला. एकेकाळी ज्या मागणीला बालिश म्हटले जाई, तीच आता विक्रीचा मुद्दा आहे. वेळ भरपूर मिळाला म्हणून सगळे साधेल, असे मला वाटत नाही. २००१ चा पहिला हॅरी पॉटर चित्रपट पुस्तकाच्या बराच जवळ होता आणि त्यावरची प्रमुख टीका हीच होती की तो पान उलटावे तसा प्रसंगामागून प्रसंग दाखवतो.

तेव्हा आपल्याकडे एक व्यवहार्य विनंती आहे. अशा चित्रपटाचे किंवा मालिकेचे परीक्षण शक्यतो मूळ पुस्तक वाचलेल्या व्यक्तीकडे द्यावे, आणि त्याशेजारी ते पुस्तक अलीकडेच वाचलेल्या दहा-बारा वर्षांच्या एखाद्या वाचकाचे टिपण छापावे. त्याला ‘आवडले का?’ एवढेच विचारू नये. काय बदलले आणि त्यामुळे पुढे गोष्टीत काय बिघडले किंवा सुधारले, हे विचारावे. चाहत्यांच्या प्रतिक्रियांची बातमी करताना संतापाची सर्वांत भडक वाक्ये निवडण्याऐवजी त्यांतला एखादा तपशीलवार आक्षेप पूर्ण छापला आणि त्यावर दिग्दर्शकाचे किंवा पटकथाकाराचे म्हणणे उपलब्ध असेल तर तेही दिले, तर आमच्यासारख्या वाचकांना दोन्ही बाजू तपासून पाहता येतील. जागेची अडचण असल्यास कलाकारांच्या वेशभूषेच्या छायाचित्रांचा आकार थोडा कमी करता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक