क्लॉ मशीनच्या पंजालाही पडताळणी हवी : ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सांगलीच्या गणपती पेठेत माझे मसाल्याचे दुकान आहे. आपल्या खात्याचे वैधमापन निरीक्षक माझ्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करतात आणि त्यांनी दिलेले प्रमाणपत्र मी गल्ल्यामागे लावून ठेवतो. पावशेर हळद नेणाऱ्या गिऱ्हाइकाला काट्यावर विसंबता यावे, एवढ्यासाठीच ही सारी व्यवस्था आहे. सुटीत नातीला घेऊन शहरातील एका गेमझोनमध्ये गेलो असता, तेथील क्लॉ मशीनसमोर, म्हणजे काचेच्या पेटीतली खेळणी यांत्रिक पंजाने उचलायच्या यंत्रासमोर, मला माझ्या काट्याची आठवण झाली.

एका डावाला वीस रुपये. नातीने पंजा करड्या अस्वलाच्या बरोबर डोक्यावर आणून बटण दाबले, तीन बोटांनी अस्वल घट्ट धरले, वर उचलले, आणि पंजा वरच्या टोकाला पोचताच हलकासा हिसका बसून बोटे सैलावली. सहा डावांत सहा वेळा हेच घडले. "आजोबा, मी चुकीचं धरलं का?" असे तिने विचारले, तेव्हा "थोडं उजवीकडं घ्यायला हवं होतं," असे मी जाणत्याच्या थाटात सांगितले. यंत्रे दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाने नंतर आतली गोष्ट समजावली, तेव्हा मला माझ्या उत्तराची लाज वाटली.

पंजाची बोटे विजेच्या कॉइलने मिटतात. कॉइलला विजेचा दाब कमी दिला की पकड ढिली पडते. अनेक यंत्रांत हा दाब मालकाला सेटिंगमधून ठरवता येतो; उचलताना पकड घट्ट आणि वर गेल्यावर सैल, अशीही सोय असते. डावाचा दर, खेळण्याची किंमत आणि अपेक्षित नफा यांवरून किती डावांनी एकदा पूर्ण ताकद द्यायची, हेही बसवता येते. दीडशे रुपयांचे अस्वल आणि वीस रुपयांचा डाव असेल, तर निम्मी रक्कम गाळ्याचे भाडे, वीज व नफा यांसाठी उरवायला तीनशे रुपये जमावे लागतात. म्हणजे सरासरी पंधरा डावांमागे एक अस्वल. व्यापारी म्हणून हा हिशेब मला गैर वाटत नाही, कारण नफा मीही धरतोच. फक्त माझा भाव पाटीवर लिहिलेला असतो.

महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम, 1887 मधील कलम 13 निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्या कायद्यातून वगळते. पकड ढिली ठेवलेल्या डावात मुलाचा नेम कितीही अचूक असला तरी त्याचे कौशल्य कुठे उपयोगी पडते, हे कायदेपंडितांनी सांगावे. ब्रिटनमध्ये या यंत्रांवर डावाची रक्कम आणि बक्षिसाची किंमत या दोन्हींना कमाल मर्यादा आहे.

ही यंत्रे बंद करावीत, असे माझे म्हणणे नाही. मुलांना ती आवडतात. माझी मागणी एवढीच आहे, की सरासरी किती डावांमागे एक बक्षीस सुटते तो आकडा काचेवर, मुलांच्या उंचीला, ठळक मराठीत लिहिणे बंधनकारक करावे, आणि आतली सेटिंग त्या आकड्याशी जुळते का याची माझ्या काट्यासारखीच दरवर्षी पडताळणी व्हावी. त्यासाठी नियमांत दुरुस्ती लागणार असेल, तर ती करावी.

आपला नम्र,
गणपती पेठेतील एक दुकानदार, सांगली