दोरीचं गणित पाठ कशाला करायला लावता?

संपादक महोदय, स.न.

माझी मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे आणि मी गेली बावीस वर्षं ठाण्यात लिफ्ट मेंटेनन्सचं काम करतो, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्येच माझा दिवस जातो. परवा ती क्लासवरून आली ती रडवेलीच. कप्पीवरून दोरी, एका टोकाला २ किलो दुसऱ्या टोकाला ३ किलो, दोरीतला ताण किती, हा फॉर्म्युला तिला तोंडपाठ होता. पण टेस्टमध्ये २ किलोचा ठोकळा गुळगुळीत टेबलावर आणि ३ किलोचा काठावरून लटकलेला असं आलं. तिने तोच फॉर्म्युला लावला, २४ न्यूटन लिहिलं, बरोबर उत्तर १२. असं का म्हणून सरांना विचारलं तर म्हणाले हा वेगळा फॉर्म्युला आहे, तोही पाठ कर, सीईटीत विचार करत बसायला वेळ नसतो.

मला हे अजिबात पटलं नाही. न्यूटनचा दुसरा नियम (बळ म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, त्वरण म्हणजे वेग वाढण्याचा दर) एकच आहे ना, मग प्रत्येक चित्राला नवा फॉर्म्युला कशाला?

रविवारी आम्ही गॅलरीत छताच्या हुकाला कपडे वाळत घालायच्या दांडीची पुली लावली, एका पिशवीत २ किलो तांदूळ, दुसरीत ३ किलो गव्हाचं पीठ, आणि पिठाच्या पिशवीच्या वर दोरीत ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) बांधला. तांदळाची पिशवी हाताने खाली धरून ठेवली तेव्हा काटा ३ किलोवर. सोडली तसं पीठ खाली निघालं आणि काटा थरथरत अडीचच्या आसपास आला, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये नीट दिसतं. पोरगी बघतच राहिली, म्हणाली बाबा वजन तर तेवढंच आहे! मी म्हटलं, अगं पण दोरीने पूर्ण ३० न्यूटन (एका किलोला साधारण १० न्यूटन धरून) वर ओढलं असतं तर पीठ खाली गेलंच नसतं.

मग कागदावर दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या काढल्या, यातच सगळं आहे. पिठाची: ३० वजा ताण म्हणजे ३ गुणिले त्वरण. तांदळाची: ताण वजा २० म्हणजे २ गुणिले त्वरण. दोरी ताणत नाही म्हणून त्वरण दोघींचं सारखंच. बेरीज केली की ताण उडतो, १० म्हणजे ५ गुणिले त्वरण, त्वरण २ आणि ताण २४. काटा थोडा जास्त दाखवतो कारण आमची पुली घासते. टेबलाचा प्रश्न तिने मग स्वतःच सोडवला, तिथे मागे ओढणारे २० नाहीतच, ३० भागिले ५ म्हणजे ६, ताण १२.

आमच्या लिफ्टमध्येही हेच आहे, एका बाजूला केबिन, दुसऱ्या बाजूला काउंटरवेट, आणि ते रिकाम्या केबिनपेक्षा मुद्दाम जड ठेवतात, लिफ्ट पूर्ण भरल्यावर जितके पॅसेंजर असतात त्यातल्या साधारण निम्म्यांच्या वजनाइतकं जास्त. म्हणून लाईट गेली, आत एकच माणूस अडकला आणि आम्ही मशीन रूममधून हाताने ब्रेक थोडा सोडला की केबिन खाली नाही, वर जाते. आतला माणूस घाबरतो, आम्ही वरून ओरडून सांगतो. (खऱ्या लिफ्टला रोपचं आणि पुलीचं वजनही धरावं लागतं, पण मूळ हेच.)

१७८४ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज अ‍ॅटवूड यांनी या कप्पीचं वर्णन छापलं ते मुळात प्रयोगासाठीच, सरळ पडणारी वस्तू मोजायला फार जोरात जाते, दोन जवळजवळ सारखी वजनं दोरीने जोडली की तीच हालचाल सावकाश होते आणि मोजता येते. आणि आपण त्याचाच फॉर्म्युला करून पाठ करायला देतो.

आपल्या शिक्षण पुरवणीत कृपया फॉर्म्युल्यांच्या तक्त्यांऐवजी असे प्रयोग छापा. आणि ठाण्यातल्या कुठल्याही शाळेने, ज्युनियर कॉलेजने मुलांना हे दाखवायचं ठरवलं तर मी रविवारी येईन, पुली आणि ताणकाटा माझा, पैसे नकोत.

आपला नियमित वाचक,
एक लिफ्ट मेकॅनिक, घोडबंदर रोड, ठाणे (प.)