‘काय म्हणाली तेवढंच लिही’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांसाठी आपल्या पुरवणीत करिअरची माहिती येते. संगणक, वैद्यक, व्यवस्थापन यांच्या रांगेत माझे काम कधी दिसले नाही, म्हणून हे पत्र. मी शिकागोत राहते. घर देताना होणारा भेदभाव उघडा पाडणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेत चौदा वर्षे नोकरी करते आहे.

4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि 11 एप्रिलला ‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’वर सही झाली. दोनच वर्षांपूर्वी, याच शिकागोत, घरांच्या हक्कासाठी गोऱ्यांच्या वस्तीतून मोर्चा नेताना किंग यांना दगड लागला होता. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरले. 1974 मध्ये त्यात लिंगाची भर पडली. 1988 मध्ये अपंगत्वाची आणि पदरी लहान मुले असण्याची.

आता ‘तुम्हाला देत नाही’ असे तोंडावर सहसा कुणी म्हणत नाही. ‘अरेरे, कालच गेला हो फ्लॅट’ असे हसून सांगतात. हे खोटे आहे हे दाखवायचे कसे? त्यासाठी ‘टेस्टिंग’ असते. वर्णाने वेगळी दोन माणसे नोकरी, पगार, कुटुंब जवळपास सारखेच सांगून एकाच ठिकाणी चौकशी करतात. दोघांची गाठ पडू द्यायची नाही. अहवाल ज्याचा त्याने लिहायचा.

सुरुवातीला मीच टेस्टर होते. पहिल्या भेटीनंतर गाडीत बसून लिहिले, ‘त्या बाई माझ्याशी तुटकपणे वागल्या.’ आमच्या वरिष्ठ बाईंनी ती ओळ खोडली. ‘तुटकपणे म्हणजे काय? काय म्हणाली तेवढंच लिही. बसायला सांगितलं का? किल्ली हातात घेतली का?’ मग पुन्हा लिहिले: 2:10 ला आत गेले, 2:16 ला बाहेर आले. एका बेडरूमचे काहीच रिकामे नाही म्हणाल्या. बसायला सांगितले नाही. फोन नंबर मागितला नाही. तासाभराने गेलेल्या गोऱ्या मुलीला त्याच बाईंनी दोन फ्लॅट उघडून दाखवले होते. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. खोटी माहिती मिळालेला टेस्टर स्वतः दावा लावू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये हॅवन्स रिअल्टी खटल्यात मान्य केले आहे. त्या सहा मिनिटांच्या नोंदीला किंमत आहे ती त्यामुळेच.

धोरणाचे कामही अशाच कागदांवर उभे राहते. सरकारी भाडेसाहाय्याचे व्हाउचर घेऊन येणाऱ्याला ‘व्हाउचर चालत नाही’ म्हणणे फेडरल कायदा थेट रोखत नाही. आम्ही आणि आमच्यासारख्या इतर संस्थांनी अशा नकारांच्या नोंदी आमच्या राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, आमदारांपुढे वर्षानुवर्षे मांडल्या. 1 जानेवारी 2023 पासून इलिनॉय राज्यात असा नकार बेकायदा ठरला.

या कामाला वकीलच लागतात असे नाही. समाजशास्त्र, नगरनियोजन, सांख्यिकी शिकलेली मुले इथे हवी आहेत; शांतपणे ऐकून घेणारी तर फारच. पगार संगणकवाल्यांच्या जवळपासही जात नाही, हे लपवत नाही. अनुदानाचाही भरवसा नसतो. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने देशभरातल्या कितीतरी संस्थांचे अनुदान एका फटक्यात रद्द केले.

तरीही मी हे काम सोडणार नाही. गेल्या हिवाळ्यात एका आईचा फोन आला. ‘तिसरा मजला आहे, लेकरं पडतील, तुमच्याच भल्यासाठी सांगतो,’ म्हणून घरमालकाने तिला परत पाठवले होते. हे बेकायदा आहे हे तिला कळेपर्यंत चौदा महिने उलटले होते. खात्याकडे तक्रार करायची मुदत एक वर्षाची. कोर्टात जायला दोन वर्षे असतात, म्हणून तिच्यासाठी त्याच दुपारी वकील शोधायला बसलो. असे फोन दर आठवड्याला येतात आणि ते घ्यायला आम्ही तिघीच आहोत.

आपली,
एक वाचक, शिकागो