विटेच्या जाळीचं घर

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या डिसेंबरात मुलाकडे चंदीगडला गेलो होतो, तिथे सेक्टर ५ मधलं ५७ नंबरचं घर बघितलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून हे लिहितोय. चंदीगडचा आराखडा करणारे आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ आणि स्वतःही आर्किटेक्ट असलेले पिअर जान्नरे शहर बांधायला आले ते १९५४ ते १९६५ याच घरात राहिले, २०१७ पासून तिथे म्युझियम आहे. हा माणूस १९६७ ला जिनिव्हात वारला पण अस्थी त्याच्या इच्छेप्रमाणे चंदीगडच्या सुखना तलावात सोडल्या, एवढा जीव लावला त्या गावाला.

घरात झगमगाट काहीच नाही, साधी लाल वीट, कारण तिथे वीटच स्वस्त मिळायची. पण समोरची विटांची जाळी बघा! मी पार जवळ जाऊन भोकात हात घालून बघितला, वीट चांगली जाड, म्हणजे प्रत्येक भोकाला स्वतःचा छोटा छज्जाच झाला ना, डोक्यावरचं ऊन बाहेर अडतं आणि हवा, उजेड मात्र आत येतो. जान्नरेंनी डिझाइन केलेल्या सागवानी खुर्च्यापण तशाच, पाय कंपाससारखे फाकलेले आणि बसायला वेताचं विणकाम, पाठीला घाम येणार नाही असं. सरकारी ऑफिसांतल्या असल्या खुर्च्या लोकांनी भंगारात काढल्या आणि त्याच परदेशात लाखोंना विकल्या गेल्या.

आता आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, ही जाळी खरं तर आपल्याच कामाची. धुळ्याला आत्याच्या घरी जिन्यात सिमेंटची जाळी होती, दुपारी लाइट गेली की आम्ही सगळी पोरं तिथेच पायऱ्यांवर गोधडी टाकून झोपायचो. दोन वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टरने जुनाट दिसतं म्हणून ती फोडली आणि वरपासून खालपर्यंत फिक्स काच बसवली, आता एप्रिलमध्येच जिन्याच्या रेलिंगला हात लावता येत नाही. फार वाईट वाटलं हो.

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ सगळीकडे त्या काळातली जाळीवाली, खोल छज्ज्यांची घरं अजून उभी आहेत. रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एका घराचा फोटो छापा आणि बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव कोणाला आठवत असेल तर तेही टाका, ही कळकळीची विनंती. आत्याच्या जिन्याचा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो माझ्याकडे आहे, तो सोबत पाठवतोय.

आपला,
एक वाचक, भुसावळ