जप्त व्हेपची वाफही तपासा

महोदय,

दारव्हा तालुक्यात मी विज्ञान शिकवतो. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तरी दहावीच्या पोरांच्या दप्तरात पेनासारखे व्हेप, म्हणजे ई-सिगारेटीच, सापडतात. ‘नुसती वाफ आहे, सर!’ असं ती ठासून सांगतात. एक व्हेप उघडून पाहिला: आतला द्रव तापवून वाफ करणारी तार काळी पडलेली, बाजूला सोल्डरचे, म्हणजे जोडकामाच्या धातूचे, ठिपके. अशा तारेत बऱ्याचदा निकेल, क्रोमियम असतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना वाफेतही हे धातू आणि शिसं आढळलं. व्हेपमध्ये भरायच्या बाटलीतल्या द्रवात मात्र या धातूंचं प्रमाण बरंच कमी होतं. म्हणजे नुसता द्रव तपासून भागणार नाही. जप्त केलेले नग नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत तापवून वाफ तपासावी आणि आकडे गावोगावच्या शाळांना मराठीतून कळवावेत.

– एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ